टेकण्यापुरती जागा

पुष्पक विमानाविषयी आपल्याकडे एक लोकसमजूत आहे. त्यात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राहते, असे कथेकरी सांगत आले. लंकेहून अयोध्येला निघालेल्या त्या विमानात वानरसेना बसली, बिभीषणाचा परिवार बसला, आणि तरीही कोणाला दाटी झाली नाही. रामकथेतल्या अनेक चमत्कारांपैकी हा चमत्कार आम्हांला सर्वांत मानवी वाटतो. बाण मंत्राने परत भात्यात येतो किंवा पर्वत हातावर उचलला जातो, ही कल्पना सामर्थ्याची आहे. नंतर येणाऱ्याला 'जागा नाही' असे म्हणावे लागू नये, ही कल्पना मात्र ज्याने कधीतरी ते शब्द ऐकले आहेत त्यालाच सुचावी.

आजच्या विमानात तसे नसते. तिथे आसने मोजलेली असतात, प्रत्येकाला अंक आणि अक्षर असते. तीन आसनांच्या रांगेत दोघे दोन टोकांना बसले आणि मधले आसन रिकामे राहिले, तर ते कोणाचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही तिकिटावर सोडवलेला नसतो. दोघांपैकी एकजण त्यावर पिशवी ठेवतो, दुसरा वर्तमानपत्र. कुणी बोलत नाही, पण अर्ध्यावर एक रेघ ओढली जाते. दारे बंद होईपर्यंत दोघेही दाराकडे पाहत असतात. दारे बंद झाली की दोघांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, त्यात एक तिसरा माणूस आला नाही याचा आनंद असतो. पुष्पकातल्या रिकाम्या जागेच्या हा नेमका उलटा अर्थ आहे.

धानोऱ्यात बसून विमानातल्या आसनांचा विचार करणे काहीसे विनोदी आहे, हे आम्ही मान्य करतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्यात आगगाडीशी गाठ पडायची ती उत्तर टोकाला, वडशाला. बाकी सारा व्यवहार एसटीचा, आणि एसटी नसेल तेव्हा काळी-पिवळीचा. परंतु शेजारच्या रिकाम्या जागेचा प्रश्न वाहनावर अवलंबून नसतो. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायला मराठी माणूस केव्हा आणि कसा शिकला, किंवा पुरता शिकला का, असा तो प्रश्न आहे. त्याचा इतिहास लिहायचा तर तो बाकांचा इतिहास होईल.

बाकापूर्वी पाट होता. आपल्या भाषेत जागेविषयीचे शब्द पंगतीतून आणि दरबारातून आले आहेत. 'मान' हा शब्द आपण मनाशी जोडतो. व्यवहारात तो जागेशी जोडलेला असतो. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांचा संताप झाला तो कोणत्या रांगेत उभे केले यावरून. ध्रुवाची गोष्ट तर आपण मुलांना झोपताना सांगतो, पण ती मुळात जागेवरून उठवलेल्या मुलाची गोष्ट आहे. बापाच्या मांडीवरून सावत्र आईने उठवले, म्हणून तो असे पद मागतो जिथून कोणी उठवू शकणार नाही. 'अढळपद' या शब्दात जे दुःख आहे ते एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्याला कळते. आणि 'पंक्तिप्रपंच' हा शब्द! एकाच रांगेत बसलेल्यांना वेगवेगळे वाढणे, या विशिष्ट अन्यायासाठी ज्या भाषेला स्वतंत्र शब्द घडवावा लागला, त्या भाषेच्या समाजात रांगेत बसणे ही साधी गोष्ट नव्हती. आणि पंक्तिप्रपंच हा पंक्तीत असणाऱ्यांचा गाऱ्हाण्याचा शब्द आहे. जे पंक्तीतच नव्हते त्यांचे गाऱ्हाणे या शब्दात येत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित. तेव्हापासून जागेच्या या जुन्या व्याकरणात एक नवा नियम घुसला: जागा पैशाने मिळते, आणि शेजारी कोण बसेल हे पैसे घेणारा ठरवतो, बसणारा नव्हे. डब्यांचे वर्ग पडले ते भाड्याप्रमाणे, जातीप्रमाणे नव्हे. ज्यांच्या सावलीचाही विचार होत होता त्यांनी तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले तर त्याच लाकडी बाकावर बसायचे. या एका गोष्टीने जात मोडेल अशी आशा काहींना वाटली, भीती अनेकांना. दोन्ही अतिरेकी ठरल्या. माणसे बाकावर शेजारी बसली आणि घरी जाऊन आंघोळ करती झाली. तरीही, बसली. इतिहासात कधीकधी एवढेच घडते आणि ते थोडे नसते.

सरकारला या शिष्टाचाराचा कायदा करावा लागला, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती माणसे बसतील ते ठरवून डब्यावर लिहिण्याचे बंधन घातले, आणि ते देशी भाषेत लिहिण्याची सोयही ठेवली. बायकांसाठी सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा राखून ठेवण्याचे बंधन त्याच कायद्यातले. आणि त्यातच आणखी एक कलम असे होते की, राखीव नसलेल्या डब्यात शिरणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला जो अडवील तो दंडास पात्र. म्हणजे दाराशी पाय अडवून 'पुढचा डबा रिकामा आहे' असे सांगणारा गृहस्थ तेव्हाही होता. आज लागू असलेल्या १९८९ च्या कायद्यातही तो आहे. कलम १५५ त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगते. जो दुसऱ्याच्या राखीव जागेवर बसून उठत नाही त्याला मात्र पाचशेपर्यंत. दुसऱ्याचे बळकावणे हा मोठा गुन्हा, मोकळे असून न देणे हा लहान. कायद्याची ही तारतम्यबुद्धी योग्य आहे की नाही, याविषयी आम्हां सहकाऱ्यांत एकमत नाही. आमच्यातल्या एकाच्या मते दंड उलटे असायला हवेत, कारण दुसऱ्याची जागा घेणाऱ्याला निदान ती हवी असते.

या बाकांवर काय घडू शकते याची मराठी वाङ्मयातली सर्वांत मोठी साक्ष आमच्या पूर्वेच्या रस्त्यावरची आहे. धानोऱ्याहून मुरुमगाववरून पुढे जाणारा रस्ता मानपूर, मोहला करीत राजनांदगावला पोचतो. आज ते छत्तीसगढ. १८९० नंतरच्या काही वर्षांत नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघालेले नारायण वामन टिळक आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशेजारी बसले. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात काळ्या माणसाने शिरणे म्हणजे अपमानाची तयारी ठेवणे. १८९३ च्या जूनमध्ये पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असताना उतरवले गेले, तोच हा काळ. टिळकांच्या डब्यातला गृहस्थ मात्र सौजन्याने वागला. कवितेवर बोलणे निघाले, कवितेवरून धर्मावर गेले, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकातले जे जे आपण वर्गात शिकवतो, तो वियोग, ती घालमेल, ते हळूहळू बदलत जाणारे बाईचे मन, त्या सगळ्याच्या मुळाशी आगगाडीतले एक संभाषण आहे. टिळकांचे धर्मांतर केवळ त्या भेटीने झाले असे कोणी म्हणणार नाही. ते मंथन आधीपासून चालू होते. पण त्या गृहस्थाने कपाळाला आठ्या घालून सामान मध्ये ठेवले असते, तर मराठी ख्रिस्ती कवितेचा इतिहास वेगळ्या पानावर सुरू झाला असता असे आम्हांला वाटते.

याच्या समोर दुसरी साक्ष ठेवावी लागते, आणि ती ठेवताना शिष्टाचार हा शब्द वापरायला जीभ धजत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. आगगाडीत काही अडत नाही. अडते ते स्थानकाबाहेर. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवाला त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होत नाही. दुप्पट भाडे देऊ केल्यावर शेवटी तोड निघते ती अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. गाडी त्याची, बैल त्याचे, आणि पायी तो. त्याच टिपणातला पुढचा तपशील आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. अंधार पडल्यावर तोच गाडीवान विटाळ विसरून मुलांच्या शेजारी गाडीत येऊन बसतो, आणि भ्यालेली मुले त्याला काही विचारू शकत नाहीत. नियम त्याचा, अपवादही त्याचाच. शेजारी बसायचे नाही हे ठरवणारा तो आणि आता बसायचे हे ठरवणाराही तो. मुलांना फक्त जागा देणे उरते.

अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ मध्ये, चाळीसगावला हेच पुन्हा. आता ते बॅरिस्टर आहेत, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य आहेत. त्यांना महारवाड्यात नेण्यासाठी टांगा मिळतो, टांगेवाला मिळत नाही. अस्पृश्य प्रवाशासाठी टांगा हाकणे त्याच्या प्रतिष्ठेत बसत नाही. मग वस्तीतलाच एक माणूस लगाम धरतो. त्याला टांगा हाकण्याची सवय नाही. पुलाशी घोडा बिथरतो, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात, पायाचे हाड मोडते. शेजारच्या आसनावर बसायला नकार देणे ही निव्वळ मनाला लागणारी गोष्ट असते असे ज्यांना वाटते त्यांनी हा अपघात वाचावा.

एसटी आली ती या पार्श्वभूमीवर. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली. विदर्भातली प्रांतिक वाहतूक सेवा पुढे तिच्यात विलीन झाली आणि १९६१ मध्ये आजचे महामंडळ उभे राहिले. एसटीने महाराष्ट्राला काय दिले याची उत्तरे अनेक आहेत, पण आमच्या मते तिची सर्वांत न कळत झालेली देणगी म्हणजे तिघांचे सलग बाकडे. त्यावर मध्ये दांडा नसतो. जिथे हात टेकायचा दांडा असतो तिथे सीमारेषा असते, आणि सीमारेषा असली की तंटा होतो. विमानात कोपरांची जी मूक लढाई चालते ती दांड्यामुळे. सलग बाकड्यावर 'जरा सरकून घ्या' म्हणता येते. या तीन शब्दांना इतकी लवचीक विनंती क्वचितच दुसऱ्या भाषेत सापडेल. 'सरका' म्हटले तर आज्ञा होते, 'सरकाल का' म्हटले तर परकेपणा येतो. 'जरा' मध्ये मागणी लहान होते, आणि 'घ्या' मध्ये देणाऱ्यालाच काही घेतल्यासारखे वाटते. आणि उत्तरादाखल माणूस खरोखर सरकतो की सरकल्याचा अभिनय करतो, हे पाहण्याइतका करमणुकीचा विषय दुसरा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये गाडी अडल्यावर प्रवाशांचा जो समाज उभा राहतो, त्याची तयारी या बाकड्यांनी आधीच केलेली असते.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. कायद्यात तिला काहीही आधार नाही, पण गर्दी तिचा मान राखते, निदान रुमाल पडलेला दिसेपर्यंत. भरताने सिंहासनावर पादुका ठेवून चौदा वर्षे राज्य चालवले. आपण रुमालावर निदान कंडक्टर येईपर्यंत तरी चालवतो. मुंबईच्या लोकलमधली 'चौथी सीट' हीसुद्धा अशीच अलिखित संस्था. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग बाहेर ठेवून टेकायचे, आणि आतला उठला की क्रमाने आत सरकायचे. याच लोकलमध्ये दररोजचे गट जागा अडवून नवख्याला उभे ठेवतात, हेही खरे. शिष्टाचार आणि दंडेली यांच्यात तिथे एका बाकाचे अंतर असते.

मराठी माणसाने या बाकांवर जाणीवपूर्वक केलेला उपकारही नोंदवला पाहिजे. १९७४ मध्ये रेल्वेचा तिसरा वर्ग कागदावरून गेला, पण दुसऱ्या वर्गाची फळी लाकडीच होती. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळीवर दोन इंचांचा फोम बसवला. पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. रेल्वेच्या कितीतरी मोठ्या योजना विसरल्या गेल्या. हे दोन इंच राहिले.

आता धानोऱ्याकडे. गडचिरोली–धानोरा गाडीत मे महिन्यात तेंदूपानांच्या हंगामाची गर्दी असते, आठवडी बाजाराच्या दिवशी मोहाच्या पिशव्या वाटेत असतात. आमची कित्येक वर्षांची पाहणी अशी, की शिष्टाचाराची सर्वाधिक अपेक्षा ज्यांच्याकडून केली जाते तेच जागा मागत नाहीत. पायात चप्पल नसलेली, कडेवर मूल घेतलेली गोंड बाई दोघांनी व्यापलेल्या तिघांच्या बाकड्याशेजारी उभी राहते. 'सरकून घ्या' म्हणत नाही. बाकड्यावरचा कर्मचारी वर्गातला गृहस्थ, यात आमच्यासारखे प्राध्यापकही आले, तिने मागितले तर देईल. वाईट माणूस नसतो तो. पण तिने मागायला हवे, त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांकडे पाहून. झाडीबोलीतही बिचकत बोलणाऱ्या गोंडीभाषक बाईला हे तीन शब्द तिकिटाच्या पैशांपेक्षा महाग पडतात. साऱ्या शिष्टाचारग्रंथांत विनंती करणाऱ्याने कसे बोलावे ते असते. विनंती येण्याआधीच ज्याने सरकायचे असते त्याच्याविषयी ते गप्प असतात.

याच रस्त्यावर, धानोऱ्याच्या अलीकडे, लेखा आणि मेंढा आहेत. मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एकजण तयार नसेल तर बोलणे चालू राहते. बायकाही पुरुषांच्या बरोबरीने तिथे बसतात आणि बोलतात. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०१३ मध्ये गावाने आपापली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला. ज्यावर कोणाचे नाव नाही ते सरकारचे, असे वनखाते शतकभर म्हणत होते. ज्यावर कोणाचे नाव नाही ते सगळ्यांचे, असे या गावाने म्हटले. रिकाम्या आसनाबद्दल दोनच मते संभवतात आणि ती हीच आहेत. याच गावातली बाई एसटीत चढली की मात्र उभी राहते. ग्रामसभेत तिला कोणी 'बसा' म्हणावे लागत नाही.

रिकाम्या आसनाने २०२० साली न्यायालयही गाठले. महामारीत विमानातले मधले आसन रिकामे ठेवायचे की नाही, यावर एका वैमानिकाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयात नागपूरकर सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठापुढे ते प्रकरण आले आणि परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांना ६ जूनपर्यंत मधले आसन भरण्याची मुभा मिळाली; जूनच्या मध्यास उच्च न्यायालयानेही ते आसन भरू दिले. त्याच मे महिन्यात एसटी जिल्ह्यांतर्गत सुरू झाली ती निम्म्या आसनांनी. एका बाकड्यावर एकच माणूस, शेजार रिकामा. ज्या जागेसाठी लोक रुमाल टाकत त्या जागेकडे लोक भीतीने पाहू लागले. जुलैमध्ये इंडिगोने एका प्रवाशाला दोन आसने विकत घेण्याची सोय काढली. शेजारी कोणी नसणे याची किंमत ठरली. सप्टेंबरमध्ये एसटी पुन्हा पूर्ण भरून धावू लागली आणि माणसे पूर्ववत मांडीला मांडी लावून बसली.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. गाड्यांत बायकांची संख्या वाढली ती डोळ्यांना दिसण्याइतकी, आणि तिच्याबरोबर पुरुषांची कुरकुरही. 'अर्ध्या तिकिटात पूर्ण जागा' हा टोमणा आम्ही स्वतः ऐकला आहे. टोमणा मारणारा सरकून बसला नव्हता, हे सांगायला नको.

१ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या बाजूला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच एसटी सुरू झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस स्वतः त्या गाडीत बसले. दुसऱ्या दिवसापासून गाडी रोजच्या माणसांची झाली. तिथेही बाकडी आहेत, आणि काही आसनांवर ती कोणासाठी राखीव आहेत ते मराठीत लिहिलेले आहे. ती अक्षरे वाचता न येणारी म्हातारी दारातून आत येते तेव्हा खिडकीजवळ बसलेल्याला ती वाचता येत असतात.